आण्णांचं चीवर

"सरका वाईच! लेकीनं काढलेलं चित्र चालतंय म्हणं, बोलतंय म्हणं!"

आण्णांनी टीव्हीपुढं सतरंजी अंथरली. माधवनगरच्या त्या दोन खोल्यांत शेजारची तानुबाई आली, विहारातला आकाराम आला, आणि आत स्वयंपाकघरात त्यांची लेक दीक्षा मोबाइल टीव्हीला जोडायचं टाळत उभी राहिली.

चूक तिचीच. बंगळूरच्या एका कंपनीसाठी ती घरबसल्या व्हिडिओ गेममधली पात्रं रंगवायची. या खेपेला पाताळातल्या मठातले दुष्ट भिक्खू हवे होते, माणसांचं रक्त पिणारे. कापडाच्या चुण्या काही केल्या जमेनात. "आण्णा, एका भिक्खूचं चित्र काढायचंय, चादर घिऊन उभं ऱ्हाता?" एवढंच ती म्हणाली. त्या भल्या माणसाला वाटलं, पोरगी विहारासाठी काढतेय. एका उन्हाळ्यात शिबिराला जाऊन, डोकं मुंडून, ते काही दिवस श्रामणेर, म्हणजे शिकाऊ भिक्खू, झाले होते. तेव्हाचं चीवर, भिक्खूचं ते वस्त्र, त्यांनी पेटीतून काढलं, अंघोळ केली नि अंगणात उभे राहिले. इतके खूश, की खरं सांगायला तिची जीभ उचलेना. फोटो मात्र काढले. शहाणीच म्हणायची!

तिनं आण्णांना आत बोलावलं. "आधी तुमी एकट्यानं बघा." आणि मोबाइल पुढं केला.

अंधारातून भिक्खूंची रांग आली. डोळ्यांच्या जागी खोबणी, हनुवटीवर रक्त, आणि डाव्या खांद्यावर चीवराची तीच घडी.

"ह्यो मी हाय?"

"तोंड तुमचं न्हाई, आण्णा. कापड तेवढं घेतलं."

"कापडच तर सगळं हाय गं. तोंडाचं काय घिऊन बसलीस!"

दीक्षाला रडू फुटलं. "चुकलं माझं. बदलायला सांगते त्यास्नी. न्हाई ऐकलं तर काम सोडते."

आण्णांनी मोबाइल तिच्या हातात परत दिला. बाहेरून आकाराम ओरडला, "आवं आण्णा, लावा की! मुहूर्त काढताय व्हय?"

आता आब्रू जाणार, असं वाटून दीक्षानं डोळे मिटले. आण्णा दारात गेले.

"मोबाइल बिघडलाय गड्या. पर मी बघितलंय. लय ग्वाड काढलंय पोरीनं. बघताक्षणी हात जोडावं असं."

तानुबाईनं आत येऊन दीक्षाच्या तोंडावरून हात फिरवला आणि कडाकडा बोटं मोडली. दीक्षाला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. माणसं गेल्यावर तिनं कंपनीला फोन लावला. आता बदल होणार नाही, असं उत्तर आलं. तिनं काम सोडलं.

सकाळी आण्णा नेहमीसारखे वंदनेला बसले. पंचशील म्हणताना आवाज खणखणीत होता. तिसरं शील झालं. चौथं, खोटं न बोलण्याचं, आलं आणि ते थांबले. दीक्षा चहाचं भांडं हातात धरून तशीच उभी राहिली.

मग आण्णांनी घसा खाकरला आणि पाचवं म्हणायला घेतलं.