शेवंताचं एक वर्ष

कार्तिक सरत आला की परळच्या मैदानावर सकाळचं ऊन तिरकं, पातळ उतरायचं, आणि त्या उन्हात शेवंता दिसण्याआधी तिच्या अनवाणी पावलांचा आवाज यायचा. आवाज तरी कसला, पीठ चाळताना चाळणीला हाताचा हलका ठोका पडावा, तेवढाच. मग मातीची बारीक धूळ, आणि धुळीच्या पुढे ती.

धावताना ती कुणाकडे बघत नसे. मान किंचित डावीकडे कललेली, ओठ घट्ट मिटलेले, वेणी परकराच्या नाडीत खोचलेली. दमल्याची एकही खूण चेहऱ्यावर उमटू द्यायची नाही, असा जणू तिचा स्वतःशी करार होता. मी तिच्या मागे, दोन पावलांवर. शाळेत सगळी वर्षं मी दुसरी आले, आणि दुसरी येण्यात एवढंच सुख की पहिलीची पाठ सगळ्यांत जवळून आपल्यालाच दिसते. माझा स्वभाव मत्सरी नाही, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगत असे.

ती वरळीच्या चाळीतली. आई मिलच्या वाइंडिंग खात्यात, सूत गुंडाळायच्या कामावर. घरानं बौद्ध धम्म घेतला तेव्हा देव्हाऱ्याची फळी मोकळी झाली, आणि तिच्यावर शेवंताची पुस्तकं लागली. आमच्या घरी वडील कारकून. त्यांची सगळी श्रद्धा शिक्का मारलेल्या कागदावर.

दिवस मोर्च्यांचे होते. संध्याकाळी त्याच मैदानावर सभा व्हायच्या. सकाळी आम्ही तुडवलेली पत्रकं गोळा करायचो आणि मगच चुन्याच्या फक्कीच्या रेघा आखल्या जायच्या. भिंतीभिंतींवर डांबरानं महाराष्ट्र मागितलेला. आमचे ड्रिलचे पाटकर मास्तर मात्र प्रत्येक अर्जावर 'मुंबई राज्य' असं लिहीत, आणि लिहिताना कारलं चावल्यासारखं तोंड करीत.

याच मास्तरांनी एकदा आम्हां दोघींना पुढ्यात बसवून त्या मोठ्या स्पर्धेची ओळख करून दिली. देशातल्या सगळ्या राज्यांतली शाळकरी मुलंमुली दिल्लीला जमणार. धावणं, उड्या, पोहणं, कुस्ती, सगळं एकाच ठिकाणी, आठवडाभर. हुतुतूसुद्धा, फक्त तिथे त्याला कबड्डी म्हणायचं. प्रत्येक शर्यतीला शाळेतून एकच नाव, आणि वय सोळाच्या आत. शेवंता ऐकत होती, पण तिची बोटं मातीत रेघ ओढत होती, सरळ, न थांबता, जणू ती दिल्लीपर्यंतच न्यायची होती. एवढी हावरी मी तिला कधी पाहिली नव्हती.

वयासाठी मास्तरांनी शाळेचं रजिस्टर उघडलं. शेवंताच्या नावापुढे त्यांच्याच अक्षरात एक जून होता, आणि जन्माचं वर्ष खऱ्याहून एकानं मागचं. नाव घालताना तिच्या आईनं हात जोडले होते, "गुर्जी, मी पाळीला गेल्यावर पोरीला कुणापाशी ठेवू? घ्या ना आत." मुलगी वर्षानं लहान पडत होती; मास्तरांनी वर्ष वाढवून ती आत घेतली. आता त्याच वाढीव वर्षानं तिचं कागदावरचं वय सोळाच्या पुढे गेलं होतं.

"मी लिहून देतो," मास्तर म्हणाले. "नोंद खोटी आहे आणि ती मी केली."

"आणि तुमची नोकरी?" शेवंतानं विचारलं.

"ती माझी मी बघीन. तू गप बस."

ती गप्प बसली नाही. रेघेवरचं बोट उचलून ती शांतपणे म्हणाली, "मास्तर, ते खोडू नका. त्या साली शाळेत बसले म्हणून बसले तरी. पुढच्या साली भाऊ झाला. मग मला कोण पाठवतंय? त्यालाच सांभाळत बसले असते." आणि ती उठून मैदानाला एक फेरी मारून आली, अगदी रोजच्यासारखी.

अर्जावर माझं नाव गेलं, आणि राज्याच्या संघात निवडही झाली. राज्याचा बनियन मला सैल झाला, तेव्हा तिनंच दोन्ही बाजूंनी टाके घालून तो आत घेतला, सुई दातांत धरून म्हणाली, "पहिल्या दहा पावलांत घाई करतेस तू. नको करूस." मी केली. दिल्लीत पहिल्याच फेरीत बाद होऊन परत आले, तर तिनं एवढंच विचारलं की तिथलं मैदान कसं होतं. गवताचं होतं, मी सांगितलं. पायांना कसं लागतं, तेही तिनं विचारून घेतलं.

ती गेली त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. तिच्याबद्दल बोलायला तिच्या चाळीतले लोक मला बोलावतात, आणि मी तिच्या त्यागाबद्दल बोलते. एक गोष्ट तेवढी सांगत नाही. "खोडू नका" असं ती म्हणाली, तेव्हा मास्तरांनी मान खाली घातली आणि मला आनंद झाला. लख्ख, निखळ आनंद, तसा पुढे फारसा कधी झाला नाही. त्या क्षणी तिनं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं होतं का, हे विचारायचं राहून गेलं. माणूस गेल्यावर त्याच्या आठवणी आपल्या होतात म्हणे. ही एक मात्र तिच्यापाशीच राहिली; काळानं ती कधी माझ्या नावावर केली नाही.