सुपातलं बाळ

“शी! बाळाला कचऱ्यात?” एका मुलाने नाक दाबले आणि तक्त्यापुढची सगळी पोरे खिदळली.

देवपुरातल्या त्या शाळेत ‘किळसवाणा भूतकाळ’ नावाचे प्रदर्शन भरले होते. दीपमालाने ऐटीत छडी चित्रावर टेकवली. “आधीची मुलं दगावलेली असली, की नव्या बाळाला सुपात घालून उकिरड्यावर ठेवायचे. मृत्यूलाही किळस यावी म्हणून! मग कुणीतरी ते उचलून आणायचं. नावही तसंच ठेवायचे, उखर्डू.”

“ए उखर्डू!” कुणीतरी शेजारच्याला कोपर मारले.

मागे उभ्या असलेल्या तिच्या आजोबांची, उदयरावांची, कानशिले तापली. पाटबंधारे खात्यात लागण्यापूर्वी त्यांनी राजपत्रात नाव बदलून घेतले होते. मुलानातवंडांना जुन्या नावाची गंधवार्ता नव्हती. थोरली बहीण आक्काबाई त्यांना अजून ‘उखा’ म्हणे. घरात सर्वांना ते ‘उदय’चेच लाडके रूप वाटे.

डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी गावाहून आलेल्या आक्काबाई चित्राजवळ वाकल्या.

“अशा एक पोरले मी उचलेल शे, बेटा. त्याना तीन भाऊ गयात, मंग हाऊ व्हयना. त्यानी माय दारमा रडी राहिंती. मी त्याले परकरमा गुंडाळीसन घर लई उनू.”

“खरंच, आक्काआजी? जगलं ते? कोण होतं?”

आक्काबाईंनी हसून भावाकडे पाहिले. सुरकुत्यांआडून सारा चेहरा उजळला होता.

उदयरावांनी नजर वळवली. शेजारच्या तक्त्यावरची राखुंडीची माहिती ते मन लावून वाचू लागले. मग म्हणाले, “आक्का, चला. बाहेर रिक्षा थांबली आहे.”

बहिणीशी ते आजवर अहिराणी सोडून बोलले नव्हते.

आक्काबाईंचे हसू ओठांतच राहिले. “जगना ना,” त्या दीपमालाला म्हणाल्या. “भलता शिकना. मंग दूर निंघी गया, पोरी.”

पांझरेच्या पुलावर रिक्षा रेंगाळली. उदयरावांना बोलायचे होते. पुढे ड्रायव्हर होता. ड्रायव्हर नसता तरी ते बोलले असते का, याची त्यांना खात्री नव्हती.

दारात उतरल्यावर आक्काबाईंचा पदर नेहमीच्या सवयीने भावाच्या खांद्याकडे गेला. भेटला, की त्याचा खांदा झटकायचा. धूळ असो वा नसो. आज हात मध्येच थांबला.

उदयरावांनी आधाराला हात पुढे केला.

“ऱ्हाऊ द्या, उदयराव,” त्या म्हणाल्या, आणि कठडा चाचपत एकट्याच पायऱ्या चढू लागल्या.