मला डिकीत टाकलं तेव्हा

मी चौसाळ्याच्या अभिमन्यूच्या गाडीतला पोलादी रॉड. दचकू नका, आम्हालाही कधीमधी तोंड फुटतं! कारखान्यानं मला स्टॅबिलायझर बार म्हटलं, गॅरेजवाले नुसता रॉड म्हणतात. पुढच्या दोन चाकांना मी खालून जोडून धरतो. वळणावर गाडी एका अंगाला कलली, की मी स्वतः पीळ खातो अन् तिला सावरतो. सात वर्षांत कुणी वाकून माझ्याकडं बघितलं नव्हतं.

मग मला घट्ट धरून ठेवणारे रबरी बुश झिजले. खड्डा आला की मी खडखडायचो. तेवढ्यात अभिमन्यूच्या बहिणीला, मनिषाला, सातवा महिना लागला. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून तिला धर्मापुरीहून आणायचं होतं. आई चंद्रभागाबाईनं गुरुवार ठरवला. आईनं ठरवला म्हणजे ठरवला! बुधवारी अभिमन्यूनं गाडी उत्तरेश्वर मिस्त्रीच्या गॅरेजात लावली.

"बुश बदलावे लागतील. बीडहून परवा येतील," मिस्त्री म्हणाला.

"परवा कसं जमंल? उद्याच जायचंय. रॉडच काढ की! बहिणीला खडखड नको."

"येडा हाय का बे? गाडी झुलंल."

"हळू चालवतो."

मिस्त्रीनं नाइलाजानं पुढची दोन्ही चाकं सारखी उचलली. एकच उचललं असतं, तर पिळात अडकलेला मी नट सुटताच उसळलो असतो. टोकांचे नट निघाले, मधल्या पट्ट्या निघाल्या, अन् मी जमिनीवर. "फेकू नको," म्हणत त्यानं मला डिकीत टाकलं. मला लई राग आला. पण डिकीत राग करून काय होतंय?

धर्मापुरीहून येताना गाडीचा आवाजच नव्हता. "दादा, नवी घेतली का काय?" मनिषा हसली. अभिमन्यू फुगला, अन् बोलता बोलता वेग वाढला. केजच्या अलीकडं वळणावर समोरून उसाचा ट्रॅक्टर आला, मागं दोन ट्रॉल्या. अभिमन्यूनं स्टिअरिंग कचकन फिरवलं. गाडी अशी कलली, की मी डिकीत या टोकाहून त्या टोकाला आपटलो. माझं काम तिथं, अन् मी इथं! भीतीनं जीव अर्धा झाला.

गाडी बाभळीला टेकता टेकता थांबली. मनिषा पोट धरून बसली होती. पोटावरून हात फिरवत ती म्हणाली, "बाळ हलतंय, दादा."

अभिमन्यू स्टिअरिंगवर डोकं टेकून रडला. रॉड का काढला ते त्यानं सांगितलं.

"खडखड चालली असती की रं! मी काय काचेची हाय?"

घरापर्यंत गाडी बैलगाडीच्या चालीनं आली. शुक्रवारी नवे बुश घालून मिस्त्रीनं मला परत जागेवर बसवलं.

तुम्हाला एवढंच सांगणं हाय, गाडी खडखडली तर काय झिजलंय ते बघा. आवाज करणाऱ्यालाच काढून टाकू नका.

परवा मनिषाला लेकीसकट सासरी पोचवायला गेलतो. तेच वळण आलं. मी दातओठ आवळून पीळ धरला. पोरगी आईच्या मांडीवर झोपलेली होती, ती झोपलेलीच राहिली.