फेर्मिनचे ओले टायर

"साहेब, तुम्ही धडधडीत खोटं लिहिलंत. गाडी चालते. तुम्हाला ती चालायला नको आहे, एवढंच."

तेओदुलोने हे जीपच्या मागच्या उजव्या टायरला ऐकवलं आणि ब्रश पुन्हा साबणाच्या बादलीत बुडवला. फेस अजून तपकिरी येत होता. पांढरा येईपर्यंत घासायचं, हा त्याचा नियम. जुन्या पॉलिशचा थर राहिला की नवं पॉलिश रबर सोडून त्या थरालाच धरतं, आणि चाक फिरलं की दोघं हातात हात घालून उडतात.

"कुणाशी भांडतोयस, दुलो?" लुमिंगवहिनीने मागून विचारलं.

"मेयरशी."

"तो टायर आहे."

"सराव करतोय. तोही गोल, हाही गोल. कान दोघांनाही नाहीत."

जीप शेजारच्या इसिंगच्या अंगणात उभी होती. गावच्या रीतीप्रमाणे मयत आठवडाभर घरात ठेवायचं, आणि तोवर त्या घरात झाडू मारायचा नाही, अंघोळ करायची नाही. घरची माणसं आठवडाभर इसिंगच्या नळावर अंग धूत होती. जीप घरचीच, तेव्हा तिची अंघोळही इथेच. दुलोचा थोरला भाऊ फेर्मिन बाहेरच्या खोलीत शवपेटीत निजला होता. आज दुपारी त्याला टेकडीवरच्या दफनभूमीत न्यायचं होतं, आणि न्यायचं तर त्याच्याच जीपमधून, असा लुमिंगचा हट्ट होता.

अडचण जीपच्या काचेवर चिकटलेली होती. लाल कागद, त्यावर मेयरच्या कचेरीचा शिक्का आणि खाली तीन शब्द: गाडी चालत नाही. तपासायला कोणी आलं नव्हतं. बॉनेटवरच्या शोभेच्या दोन पत्र्याच्या घोड्यांपैकी एकावरसुद्धा कुणी हात ठेवला नव्हता. फेर्मिन ज्या रस्त्यावर प्रवासी न्यायचा, त्याच रस्त्यासाठी मेयरच्या मेव्हण्याने वातानुकूलित मिनीबस आणल्या आणि त्याच आठवड्यात गावातल्या सगळ्या जुन्या जीप एकदम चालेनाशा झाल्या. रोगाची साथ आली म्हणावं तर ती नेमकी एकाच रस्त्यावर आली होती. फेर्मिन लाल कागद लावलेल्या जीपमध्ये रोज सकाळी जाऊन बसायचा, इंजिन चालू करायचा, ऐकायचा, बंद करायचा. एके सकाळी त्याने ते बंद केलं नाही. लुमिंग पाहायला गेली तेव्हा जीप चालू होती आणि फेर्मिन बंद पडला होता.

फेस अखेर पांढरा आला. दुलोने चाक धुतलं, खाचाखाचांतून फडकं फिरवून कोरडं केलं. मग स्पंजावर बोटाच्या पेराएवढं पॉलिश घेतलं आणि चेहऱ्याला पावडर लावावी तसं हलक्या हाताने टायरवर फिरवलं. चारही टायर झाल्यावर तो इसिंगने दिलेली कॉफी घेऊन बसला. कॉफी संपली की कोरड्या फडक्याने पुसून घ्यायचं. शेवटी बोट लावायचं. बोट स्वच्छ निघालं, की पॉलिश उडत नाही. बसथांब्यामागे त्याचं गाडी धुण्याचं दुकान होतं, आणि त्याच्या हातचा एक थेंब कुणाच्या पत्र्यावर उडाला असं अख्ख्या गावात कुणी म्हणू शकत नव्हतं. मेयरची पांढरी गाडीसुद्धा त्याच्याकडेच यायची. शिव्या तो तिच्या टायरलाही द्यायचा, पण पॉलिश नीटच लावायचा.

लुमिंगने वाकून टायर पाहिले आणि तोंड वाकडं केलं.

"हे काय? आजारी माणसासारखे दिसतायत."

"वहिनी, ह्याला म्हणतात पॉलिश. काळं, पण कोरडं."

"ह्यांचे टायर ओले दिसायचे. आत्ता नदीतून बाहेर काढल्यासारखे."

"आणि गावाचे कपडे गटारातून काढल्यासारखे!"

ते खरंच होतं. फेर्मिन जिनच्या बाटलीत जळकं ऑइल आणि रॉकेल हलवून मिसळायचा आणि ते टायरला असं चोपडायचा, की जीप सुटली की दोन्ही बाजूंनी काळी फवारणी सुरू. शाळेच्या पोरींच्या पांढऱ्या ब्लाउजवर ठिपके दिसले की मास्तरीण विचारायची, फेर्मिनच्या जीपने आलात का? दुलो भावाला गावभर शिव्या घालायचा. फेर्मिन हसायचा. म्हणायचा, तुझी गाडी येऊन गेलेली कुणाला कळतं का रे?

"माझ्या लग्नाच्या झग्यावर सात ठिपके आहेत," लुमिंग म्हणाली. "चर्चमधून निघालो तेव्हाचे. धुतला नाही मी तो कधी."

"आज सगळं गाव पांढऱ्यात येणार आहे, वहिनी. मी आहे तोवर ठिपका पडायचा नाही."

लुमिंगने त्याच्याकडे पाहिलं आणि ती घरात गेली.

दुपारी मेयर आला. तो प्रत्येक मयताला यायचा. पुढे त्याचं फुलांचं चक्र, त्यावर मेलेल्याचं नाव लहान आणि त्याचं मोठं. मागे नगरपालिकेची फुकट शववाहिका, तिच्या दोन्ही अंगांवर त्याचा हसरा चेहरा. अंगात कडक इस्त्रीचा पांढरा बारोंग, समारंभाचा झिरझिरीत सदरा. सोबत फोटोवाला.

"ताई, फार वाईट झालं. पेटी आपल्या गाडीत घेऊ. सगळी सोय आहे."

"हे जीपमधून जाणार," लुमिंग म्हणाली.

"जीप चालत नाही हो, ताई." मेयर मायेने हसला. "तपासणी झालीय."

दुलो पुढे झाला. सकाळी टायरला ऐकवलेलं अख्खं भाषण घशापर्यंत आलं, आणि फोटोवाल्याने कॅमेरा त्याच्याकडे वळवताच पुन्हा पोटात गेलं. तो नुसता "साहेब..." म्हणून राहिला.

"चालत नाही ना?" लुमिंग शांतपणे म्हणाली. "मग ढकलत नेऊ. ढकलायला तर तुमची बंदी नाही?"

अंगणातली पांढऱ्या कपड्यांतली दोनशे माणसं मेयरकडे पाहू लागली. मतं म्हणूनही तो आकडा लहान नव्हता. मेयरने क्षणभर विचार केला.

"ढकला की. इंजिन मात्र चालू करायचं नाही. कायदा तो कायदा."

पेटी मागच्या दारातून दोन बाकांच्या मधे सरकवली. स्टिअरिंगवर फेर्मिनचा जीपवरचा जोडीदार नार्दो बसला, इंजिन बंद ठेवून, तोंड मात्र चालू ठेवून. माणसं ढकलू लागली. रिकामी शववाहिका मेयरचा चेहरा मिरवत मागून रांगत येत होती.

"जोर लावा रे! भाडं वाढवून मागेल हं तो आतून!" नार्दो ओरडायचा, आणि रडणाऱ्या बायका रुमालाआड हसून घ्यायच्या.

दुलो ढकलता ढकलता टायर पाहत होता. काळे, कोरडे, सभ्य. भावाच्या जीपला इतके सभ्य टायर जन्मात कधी नव्हते. त्याला समाधान वाटायला हवं होतं. का कोण जाणे, वाटत नव्हतं.

टेकडीच्या पायथ्याशी सगळे थांबले. वर चढ होता आणि माणसांचा दम संपला होता.

"बस्स," मेयर घाम पुसत म्हणाला. "आता पेटी आमच्या गाडीत घ्या. हट्टालाही हद्द असते."

"घ्या," लुमिंग म्हणाली. "फक्त मला एकदा ह्या चाकापाशी बसू द्या. इथेच बसून रोज हात काळे करायचे हे."

ती मागच्या उजव्या चाकाशी गुडघ्यांवर बसली आणि डोक्यावरची मोठी पांढरी ओढणी तिने चाकावरच पसरली. तिचे खांदे हलू लागले. गावाने माना फिरवल्या. नवऱ्याच्या चाकाला मिठी मारून रडणाऱ्या बाईकडे पाहू नये, एवढी लाज सगळ्यांना होती. मेयरनेही डोळे मिटून हात जोडले आणि तसाच फोटो काढून घेतला. दुलो शववाहिकेवरच्या चेहऱ्याकडे पाहत उभा राहिला आणि मनातल्या मनात भाषण पुन्हा जुळवू लागला.

लुमिंग बऱ्याच वेळाने उठली. ओढणी तिने घडी घालून छातीशी धरली होती.

"साहेब, शेवटचं एक. तुमच्या हाताचा एक धक्का लागू दे. मग घेऊन जा तुमच्या गाडीतून. इथे या. ह्या चाकाच्या मागे."

मेयरला हे आवडलं. फोटोवाल्यालाही त्या बाजूने ऊन चांगलं होतं. मेयर चाकामागे वाकला, दोन्ही तळहात पत्र्याला लावले आणि मान वळवून हसला.

"आता!" लुमिंग ओरडली. मयताच्या घरच्या बाईचा तो आवाज नव्हता.

माणसांनी जोर लावला. जीप गडगडली आणि नार्दोने क्लच सोडला. इंजिनाने एकदा उचकी दिली, दुसरी दिली आणि ते गरजलं. मागची चाकं जागच्या जागी गरगरली, रस्ता धरला, आणि पत्र्याच्या दोन घोड्यांनी टेकडीकडे तोंड करून जी धाव घेतली, ती हॉर्न वाजवतच. आत पेटी, मागे धूर.

धूर विरला तेव्हा सगळ्यांच्या नजरा मेयरकडे वळल्या.

मेयरचा बारोंग खांद्यापासून कमरेपर्यंत काळ्या ठिपक्यांनी भरला होता. गालावर होते, दातांवरही एक होता, कारण त्याने हसणं वेळेवर थांबवलं नव्हतं. मागच्या रांगांतल्या पांढऱ्या कपड्यांवरही थोडे थोडे पडले होते. एक म्हातारी आपल्या बाहीवरच्या ठिपक्याला बोट लावून पाहत होती. "फेर्मिनचाच," ती पुटपुटली आणि पुसता पुसता थांबली.

"कुणी केलं हे?" मेयर ओरडला. "टायर कुणी रंगवले?"

दुलोने स्वतःच्या शर्टाकडे पाहिलं. छातीवर तीन. त्याने एकावर बोट टेकवलं. ते काळंभोर निघालं. नाकाशी नेलं. रॉकेल. त्याच्या दुकानात रॉकेलचा थेंबही नसायचा. त्याने वहिनीकडे पाहिलं. ती जपमाळेचे मणी ओढत टेकडीकडे बघत होती. छातीशी धरलेल्या ओढणीच्या घडीतून काळा डाग बाहेर झिरपत होता, आणि त्याच घडीतून जिनच्या बाटलीचं बूच डोकावत होतं.

दुलो दोन पावलं सरकून तिच्या आणि मेयरच्या मधे उभा राहिला.

"मी, साहेब. टायर मीच केले."

गर्दीतून "आँ?" असा आवाज आला. इसिंगने तर कपाळावर हात मारून घेतला.

"तू?" मेयरचा विश्वास बसेना. "तुझ्या हातचं पॉलिश उडतं?"

दुलोचे कान लाल झाले. त्याने मान खाली घातली.

"उडतं कधी कधी."

"उद्यापासून माझी गाडी तुझ्याकडे येणार नाही! गावातली एकही येणार नाही!"

"बरं, साहेब."

वरून फेर्मिनच्या इंजिनाचा आवाज येत होता. नार्दोने ते बंद केलं नव्हतं. दुलोला सकाळचं भाषण आठवेना. खोटं, मेव्हणा, मिनीबस, शिक्का, सगळं डोक्यातून निघून गेलं होतं. त्याने हात पुढे केला आणि मेयरच्या छातीवरच्या सगळ्यात मोठ्या ठिपक्यावर आपलं काळं बोट ठेवलं.

"फक्त एवढंच सांगा, साहेब. तुमचा कागद म्हणतो ही गाडी चालत नाही. चाक फिरल्याशिवाय पॉलिश उडत नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. मग हे तुमच्या अंगावर आलं कसं? गाव उभं आहे. सांगा."