पुदिन्याचं प्रमाण

आई जाऊन वर्ष झालं म्हणून भावजयीनं, ग्राझिनानं, जेवायला बोलावलं. चर्चमधून सरळ तिच्याकडे गेले. टेबलावर पिएरोग्यांची, म्हणजे सारण भरून उकडलेल्या करंज्यांची, तीन ताटं होती: बटाटा-चक्क्याच्या, वर चरबीचे खरपूस तुकडे; कोबी-अळंबीच्या, वर तळलेला कांदा; आणि रानबेरीच्या गोड, वर आंबट साय.

पहिला घास घेतला आणि मी थबकले. चक्क्यात वाळवून चुरलेला पुदिना होता, अगदी आईच्या प्रमाणात. कडेची बारीक मुरडही आईचीच. मी प्रमाण विचारलं की आई "हाताला कळतं" म्हणून उडवून लावायची. मग हिच्या हाताला कसं कळलं? कुठेतरी पाणी मुरत होतं.

कोबीची चाखली. तीही आईचीच. ग्राझिना माझ्याकडे न बघता कांदा वाढत होती, तेही मला खटकलं. भाऊ मान खाली घालून गिळत होता. दोघांचं संगनमत असणार.

ताकाला जाऊन भांडं लपवायचा माझा स्वभाव नाही.

"आईकडून हे कधी काढून घेतलंस गं? ती आजारी असताना?"

"काढून काय घ्यायचंय, वन्सं? खा, गार होतील."

"पोटच्या लेकीला नाही सांगितलं, आणि तुला सांगितलं?"

"मलाही नाही सांगितलं. चुकतमाकत शिकले. पुदिना जास्त झाला की त्या ताट मागे सारायच्या."

भावानं काटा खाली ठेवला. "सांगून टाक आता."

"सासूबाईंची बोटं आखडली, लाटणं धरवेना, तेव्हापासून मीच करतेय. नाताळाला, ईस्टरला तुम्ही वॉर्साहून यायचात, डबे भरून न्यायचात, ते सगळं माझं."

"खोटं. आई पिठाचा एप्रन बांधून दारात उभी असायची."

"तो मीच बांधून द्यायचे. पीठही मीच लावायचे."

मला भयंकर राग आला. आईचाही आला.

"मला सांगायला काय झालं होतं?"

"त्यांनी शपथ घातली होती. म्हणायच्या, लुडविकाला कळलं, तर ती यायची बंद होईल." ग्राझिनानं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "मी म्हणायचे, असं कसं होईल? वन्सं तुमच्यासाठी येतात. बरोबर ना?"

मी रानबेरीची अख्खी तोंडात टाकली आणि कितीतरी वेळ चावत बसले.