अडीच फूट खाली

मी जमिनीखालची केबल बोलतेय. मला शोधायला खाली वाकू नका, दिसणार नाही. या घराच्या स्वयंपाकघरापासून परसातल्या शेडपर्यंत मी अडीच फूट खोल, वाळूच्या गादीवर पडून आहे. माझं एक टोक स्वयंपाकघराच्या भिंतीतल्या डब्यात आणि दुसरं शेडमधल्या डब्यात. त्यामुळे ओट्यापाशी चाललेलं बोलणंही माझ्या कानावर येतं आणि शेडमधलंही. अंधारात पडून राहणाऱ्याला एवढी करमणूक पुरे.

माझा जन्म कारखान्यातला. तांब्याच्या तीन तारा, प्रत्येकीला वेगळ्या रंगाचं झबलं, तिघींना एकत्र पीळ, त्यावर पोलादी तारांचं चिलखत आणि सगळ्यात वर जाड काळी कातडी. हा जामानिमा बघून मला वाटलं होतं, आपण एखाद्या मोठ्या गिरणीत जाणार. प्रत्यक्षात एका दुकानाच्या कोपऱ्यात लाकडी रिळावर मी दीड वर्ष धूळ खात बसले. गिऱ्हाइकं यायची, बल्ब न्यायची, माझ्यावर कोपर टेकून गप्पा मारायची.

मग एक दिवस एक बाई आल्या. तळहातावर शाईने मापं लिहून आणली होती. शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होत्या, हे त्यांच्या बोटांवरच्या डागांवरून कळत होतं. छप्पन्न फूट लागते, साठ द्या म्हणाल्या. दुकानदाराला नवल वाटलं. बाई म्हणाल्या, "कमी पडली तर मधे जोड मारावा लागेल. मला जमिनीखाली जोड नको." दुकानदाराने मान डोलावली आणि मला कापून, वेटोळं करून रिक्षात टाकलं.

घरी आल्यावर कळलं की त्या या घरच्या सूनबाई. नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवतो, महिन्यातले वीस दिवस रस्त्यावर. घरात सासरे आणि सहा वर्षांची मुलगी. सासऱ्यांना सगळी गल्ली नाना म्हणते, मुलीला चिमणी.

नाना लाकडी खेळणी करायचे. मागच्या खोलीत त्यांचा छोटा लेथ होता. त्यावर भोवरे, खुळखुळे, बुद्धिबळाचे मोहरे उतरायचे. पण चिमणीला खोकला लागला आणि काही केल्या जाईना. डॉक्टरांनी छातीला नळी लावून ऐकलं आणि विचारलं, घरात कोणी लाकूडकाम करतं का. त्याच संध्याकाळी नानांनी शेजारच्या दोघांना हाक मारून लेथ उचलला आणि परसातल्या रिकाम्या शेडमध्ये नेऊन ठेवला. कोणी सांगायची वाट पाहिली नाही.

शेडमध्ये वीज नव्हती. नानांनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक लांबलचक वायर काढली, कपड्यांच्या दोरीवरून लिंबाच्या फांदीवर आणि तिथून शेडमध्ये नेली. दहा-बारा दिवस लेथ झकास चालला. मग एका दुपारी स्वयंपाकघरात जळका वास सुटला. पाहतात तर प्लग काळाठिक्कर आणि भिंतीवरचा सॉकेट वितळून वाकडा झालेला. सूनबाईंनी मेन स्विच बंद केला, वायर गुंडाळून माळ्यावर टाकली आणि पक्कं काम झाल्याशिवाय शेडमध्ये वीज जाणार नाही, असं बजावलं.

नाना रुसले. दोन महिने ओसरीवर बसून पटाशांना धार लावत होते. लाकूड दिसलं नाही तरी धार रोज. शेवटी शेवटी त्या पटाशांनी दाढी करता आली असती.

मी आले आणि रुसवा गेला. वायरमन घर बघून गेला होता. जाड माणूस, बोलणं बेताचं. खणणं आणि केबल टाकणं तुम्ही करा, दोन्ही टोकांची जोडणी मी करीन, आणि मी तपासल्याशिवाय माती लोटायची नाही, एवढंच त्याचं म्हणणं. नानांना तेवढं पुष्कळ होतं. पुढच्या रविवारी सकाळीच कुदळ, फावडं आणि पहार घेऊन ते लंगोट कसल्यासारखे उभे राहिले.

चर सरळ जाणार नव्हता. मधे पाण्याचा पाइप होता, त्याच्यापासून लांब राहायचं. लिंबाच्या मुळांना वळसा घालायचा. सूनबाईंनी चुना टाकून रेघ आखली. एका काठीवर अडीच फुटांची खूण केली आणि दर दोन पावलांवर ती चरात उभी करायच्या. दोन फुटांवर नाना म्हणायचे, झालं की. सूनबाई नुसती काठी दाखवायच्या. नाना पुन्हा आत उतरायचे. पण कुरकुर वरवरची होती. तीन रविवार त्या माणसाने सकाळचा चहा उभ्याने घेतला, इतकी कामाची घाई. सूनबाई पाट्या भरभरून माती वर ओढायच्या. आधी त्या दोघांचं बोलणं म्हणजे भाजी काय आणि औषध घेतलं का. आता चराच्या दोन काठांवरून दोघं तासन्‌तास बोलायला लागली. नानांनी तरुणपणी कारखान्यात नोकरी केली, ते दिवस सांगितले. सूनबाईंनी शाळेतल्या हेडबाईंची नक्कल करून दाखवली. नाना फावड्यावर रेलून हसले.

तिसऱ्या रविवारी मला उन्हात पसरून मऊ केलं आणि हलक्या हाताने चरात निजवलं. खाली वाळू, वर वाळू घालायची होती. संध्याकाळ झाली म्हणून वरची वाळू राहिली.

सोमवारी सूनबाई शाळेत गेल्या. नाना एकटेच वाळू टाकायला उतरले. शेडच्या टोकाकडे माझ्या पोटाखाली एक दगड टोक काढून होता. त्याची बोच मलाही लागत होती. मला बाजूला उचलून मग दगड काढायचा, हे नानांना चांगलं ठाऊक होतं. पण मला उचलायला दोन माणसं हवीत. त्यांनी पहार घातली. दगड निघाला, पण पहार सटकली आणि माझ्यावर आली.

कातडी फाटली. चिलखताच्या चार तारा तुटल्या. आतल्या तिघींना धक्का लागला नाही, पण जखम ती जखम.

नाना खाली बसले. बोटाने चाचपून पाहिलं. मग शेडमधून काळी टेप आणली, माझ्याभोवती पाच-सहा वेढे दिले, वर वाळू लोटली आणि हाताने सपाट केली. त्यानंतर बराच वेळ ते चराच्या काठावर पाय सोडून बसून होते. मी ओरडून सांगितलं असतं, पण माझ्यासारखीला तोंड कुठलं?

दुसऱ्या दिवशी वायरमन आला. वीज कुठे गळेल का, हे त्याने यंत्र लावून तपासलं. आकडा चांगला आला, कारण वाळू कोरडी होती आणि आतल्या तारा शाबूत होत्या. लिंबापाशी दिलेलं वळण बघून तो खूश झाला. जाता जाता त्याने विचारलं, टाकताना कुठे ओरखडा, मार वगैरे? सूनबाई म्हणाल्या, नाही, नानांनी स्वतः लक्ष घालून टाकलीय. नाना शेजारीच उभे होते. ते लिंबाकडे बघत राहिले.

मग माझ्यावर विटा लागल्या, विटांवर पिवळी धोक्याची पट्टी आली, त्यावर माती. चिमणीने वर नाचून नाचून माती दाबली. जोडणी शनिवारी होणार होती.

गुरुवारी दुपारची गोष्ट. सूनबाई स्वयंपाकघरात कपबश्या विसळत होत्या, नाना चहा घेत होते. माझं टोक भिंतीतून बाहेर लोंबत होतं, तेव्हा शब्द न्‌ शब्द ऐकला. सूनबाई म्हणाल्या की चिमणी कधीची हट्ट करतेय, आजोबांच्या लेथपाशी बसायचं म्हणून. तोंडाला फडकं बांधून, लांब स्टुलावर बसेल. मागे त्या वायरीमुळे त्यांचा जीव धजत नव्हता. "पण आता तुम्ही टाकलेली लाइन आहे नाना, मला घोर नाही."

बशीत कप ठेवल्याचा आवाज आला.

"सूनबाई, चर उकरावा लागेल," नाना म्हणाले.

त्यांनी सगळं सांगितलं. दगड, पहार, टेप. सांगताना एकदाही थांबले नाहीत. इतके दिवस मनात पाठ करून ठेवलं असावं.

सूनबाईंनी नळ बंद केला. मग त्या म्हणाल्या, "पहार लागली त्याचं काही नाही, नाना. ती माझ्या हातूनही लागली असती. मी वायरमनला छातीठोक नाही म्हटलं आणि तुम्ही ऐकून घेतलंत, त्याचं वाईट वाटलं."

"तू म्हणशील, म्हाताऱ्याच्या हातून आता एक काम धड होत नाही. लेथही काढून टाकशील, असं वाटलं."

सूनबाई खुर्ची ओढून समोर बसल्या. त्यांनी सांगितलं की शाळेत लागल्या लागल्या त्यांच्या हातून एक थर्मामीटर फुटला होता. पारा सांडलेला. नोकरी जाईल म्हणून काचा बेसिनखाली लपवल्या आणि आठ दिवस एकही मूल त्या बेसिनपाशी फिरकू दिलं नाही. नवव्या दिवशी हेडबाईंना जाऊन सांगितलं. "तुम्ही तीन दिवसांत सांगितलंत. माझ्यापेक्षा बरे." आणि मग एकदम विचारलं, "कुठल्या टोकाला लागलीय?"

"शेडच्या. भिंतीपासून दोन-तीन फुटांवर."

"मग काय, चार फूट जास्तीची आणलीय ना."

नाना उठून फावडं आणायला गेले, चहा तसाच टाकून.

त्यांनी तेवढाच भाग उकरला. शनिवारी वायरमन आला, सूनबाईंनी त्याला दारातच खरं काय ते सांगितलं. त्याने टेप सोडली. लिंबाला घातलेलं पाणी आत झिरपलं होतं आणि तुटलेल्या तारांवर तांबूस ठिपके धरले होते. तो नानांकडे वळून म्हणाला, "आज आकडा बरोबरच आला असता. पुढच्या वर्षी नसता आला." नानांनी मान खाली घातली नाही. बरोबर आहे, म्हणाले.

माझं सव्वासात फूट शेपूट कापलं गेलं. दुखलं नाही असं म्हणणार नाही, पण सुटल्यासारखं वाटलं. जास्तीचे चार फूट धरूनही शेडच्या ठरलेल्या कोपऱ्यापर्यंत पोचायला आता मी थोडी तोकडी पडत होते, म्हणून अलीकडच्या भिंतीला भोक पाडून मला आत घेतलं. डबा तिथे, म्हणून लेथही तिथे आला. ती भिंत खिडकीची. लेथवर भरपूर उजेड पडायला लागला. आठवडाभरात नाना लोकांना सांगू लागले, उजेडासाठीच ही भिंत धरली. सूनबाई ऐकून नुसत्या खोकायच्या.

डब्यात दोन बटणं बसली. एक भार जास्त झाला तर पडणारं, दुसरं वीज जराशी गळली तरी पडणारं. ते दुसरं वायरमनने चिमणीकडून दाबून घेतलं, खटकन पडतं का हे दाखवायला. मग नानांनी लेथ चालू केला. माझ्या अंगातून पहिल्यांदा वीज धावली. काय सांगू! दीड वर्ष दुकानात आणि आठवडाभर मातीत काढलेला सगळा शीण गेला.

चिमणीचा खोकला लेथ घराबाहेर गेल्यावर महिन्या-दोन महिन्यांतच ओसरला होता. तिने आजोबांचा हात धरून केलेला पहिला भोवरा फिरतच नाही, कलंडतो. ती म्हणते, तो झोपाळू आहे.

नानांना आता गल्लीत बोलावणी येतात. कोणाला कोंबड्यांच्या खुराड्यात दिवा हवा, कोणाला परसातल्या पंपाला लाइन. नाना काठी घेऊन जातात आणि दीड फुटावर थांबणाऱ्यांना पुन्हा आत उतरवतात. जोडणी मात्र वायरमनच करणार, हेही ठणकावतात. पण पहिल्यांदा सांगतात ते स्वतःच्या पहारीचं. मागे शेजारचे मास्तर फाटकापाशी उभे राहून ऐकत होते. नाना म्हणाले, "मार लागला तर टेप लावायची नाही मास्तर, हाक मारायची. मला तीन दिवस जेवण गेलं नव्हतं." मास्तर हसले. नाना हसले नाहीत.

मी कशी आहे म्हणाल, तर ठणठणीत. पाऊस झाला की वरची माती जड होते, उन्हाळ्यात हलकी. वरून कोण गेलं, हे पावलांवरून कळतं. माझा मार्ग नानांनी कागदावर काढून दोन्ही डब्यांच्या झाकणांत चिकटवला आहे. तरी तुम्हाला एक विनंती आहे. कुठल्याही परसात कुदळ मारण्याआधी घरातल्या माणसाला विचारा, खाली कोणी आहे का. आणि पिवळी पट्टी दिसली तर हात आवरा. आम्ही केबली खाली असतो, हाक मारली तरी ओ देता येत नाही.

इथे खाली काही दिसत नाही, पण भार कळतो. सकाळी लेथचा भार येतो, तो नानांचा. ते पटाशी सावकाश लावतात, म्हणून तो हळूहळू चढतो. हल्ली दुपारी शाळा सुटल्यावर आणखी एक भार येतो. तो झटके खात येतो, मधेच थांबतो, पुन्हा येतो. सूनबाई प्रयोगशाळेसाठी परीक्षानळ्यांचं स्टँड करायला शिकताहेत. नाना शेजारी बसून सांगतात, दाब कमी, दाब कमी. त्या म्हणतात, कळलं हो नाना. आणि दाब तेवढाच ठेवतात.

आता बोलणं आवरते. शेडचं दार वाजलं, लेथ सुरू झाला. झटका बघता सूनबाईच.