समोरच्या गॅलरीतली दुलई

"समोरच्या नव्या इमारतीतले येणार नाहीत गं, तूच जा," असं शेजारी सुट्या भागांना निकेल चढवणाऱ्या होरिउचीकाकू म्हणाल्या होत्या. मी हसण्यावारी नेलं. आमच्या हिगाशी-ओसाकात नवं बिऱ्हाड आलं की तेच भेट म्हणून टॉवेल वगैरे घेऊन शेजाऱ्यांकडे येतं. आपण आधी जाणं बरं दिसत नाही. समोरचा जुना कारखाना पाडून सहा मजली इमारत उभी राहिली, तेव्हा आम्ही वाट पाहत बसलो. तिथली माणसं आपसात भेटली. गल्लीकडे कुणी फिरकलं नाही.

मग महापालिकेतून माणूस आला. आमच्या पत्रा कापायच्या प्रेसच्या आवाजाची तक्रार होती. आपसात मिटलं तर बरं, नाहीतर इथं प्रेस चालवणं अवघड होईल, असं तो नरमाईनं सांगून गेला. आम्ही वायसर कापतो, दोन दारं पलीकडे त्यांच्या कडा घासतात, मग काकू निकेल चढवतात; सगळी ने-आण हातगाडीवर. गल्ली सुटली तर ही माणसं कुठून आणायची?

शेवटी मी आमच्या तान्ह्या लेकीला, नागीला, पाठीशी बांधलं आणि टॉवेल घेतले.

"उलटीच रीत," सासरे कुरकुरले.

"बाबा, रीत पाळायला गल्ली तर उरू द्या."

समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर मिझोगुची नावाच्या बाईनं दार उघडलं. माझ्याच वयाची, कडेवर रडून लालबुंद झालेला मुलगा. तिची नजर नागीवर खिळली. खाली प्रेस धडधडत होता आणि नागी गाढ झोपली होती.

"ही झोपते कशी यात?"

"पोटात असल्यापासून ऐकतेय. बंद पडला की भोकाड पसरते."

ती हसली, आणि हसता हसता रडायलाच लागली. तक्रार तिचीच होती. नवरा बदलीवर नागोयाला, दिवसभर बोलायला कुणी नाही. आवाज कधी थांबेल हे कळत नाही, त्याचाच जास्त त्रास होतो, म्हणाली.

आता दुपारी ठरल्या वेळी ती मुलाला निजवते, तेव्हा प्रेस बंद. तो उठला की ती गॅलरीच्या कठड्यावर दुलई टाकते, मग प्रेस पुन्हा सुरू. सासरे सारखे वर बघतात, "उठले का साहेब?" तेवढा वेळ मी नागीला घेऊन फेऱ्या मारते. तक्रार मागे घेतली गेली. प्रेस गल्लीतच आहे.

पुढचा आठवडा मी माहेरी आहे. मिझोगुचीचा नवरा अजून परतलेला नाही, आणि ती आपणहून काही सांगणाऱ्यातली नाही. हे वाचणाऱ्यांपैकी कुणी आमच्या गल्लीतून जाणार असाल तर तिसऱ्या मजल्यावर बेल वाजवून जरा बघाल का, ती कशी आहे?